कासच्या पठारावरची गुलमेहंदी

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातल्या एका मुलीने जुन्या कॅलेंडरचे पान वहीत घालून आणले होते. पानावर बर्फाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी हिरवे कुरण आणि त्या कुरणात फिकट, पांढऱ्याकडे झुकणारी पाच पाकळ्यांची फुले. खाली इंग्रजीत छापले होते, वाइल्ड जिरेनियम. तिने विचारले, "टीचर, हे आपल्या डोंगरावर होतं का?"

आम्ही मराठी आणि उर्दू शिकवतो. विज्ञान हा आमचा विषय नव्हे, आणि मिरजेत डोंगर म्हणावा असा डोंगरही जवळ नाही. "उद्या सांगू" म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाचे "उद्या" मुले विसरतात असा आमचा वीस वर्षांचा अनुभव. ही मुलगी विसरली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान समोर आले, तेव्हा शाळा सुटल्यावर ग्रंथालयात बसणे भाग पडले.

खरे जिरेनियम हे थंड हवेचे झाड. जगात त्याच्या चारशेहून अधिक जाती आहेत. भारतात ते मुख्यतः हिमालयाच्या उतारांवर आणि दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच, गार भागात भेटते. नाव ग्रीक भाषेतून आले, क्रौंच पक्ष्याच्या नावावरून, कारण फूल गळल्यावर जे फळ धरते ते लांब चोचीसारखे असते. आपल्याकडे बंगल्यांच्या गॅलरीत कुंड्यांतून जे लाल-गुलाबी "जिरेनियम" दिसते, ते त्या अर्थाने जिरेनियम नव्हेच. त्याचे खरे नाव पेलार्गोनियम, मूळ गाव दक्षिण आफ्रिका. लिनियसने १७५३ साली दोघांना एकाच नावाखाली ठेवले, १७८९ मध्ये एका फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने त्यांना वेगळे केले. पण बाजाराने आणि माळ्यांनी ते कधी मनावर घेतले नाही. अत्तर-साबणासाठी ज्याचे तेल काढतात आणि ज्याची शेती आपल्याकडेही काही शेतकऱ्यांनी करून पाहिली, तेही हेच आफ्रिकेचे पाहुणे.

म्हणजे मुलीला उत्तर द्यायचे ते "नाही" असेच. साताऱ्याच्या पठारांवर जिरेनियमचे ताटवे नाहीत. पण पुस्तके चाळताना एक गंमत हाती लागली आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. त्यात जिरेनियमच्या कुळाखाली एक झाड नोंदवले आहे, जे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याआधी जोसेफ हुकर यांनीही भारताच्या वनस्पतींच्या ग्रंथात त्याला तिथेच बसवले होते. ते झाड म्हणजे तेरडा. उर्दूत ज्याला गुलमेहंदी म्हणतात, तोच.

आमच्या अम्मींच्या परसात रांजणाच्या कडेला गुलमेहंदी दरवर्षी आपोआप उगवायची. कोणी लावत नसे. पहिल्या पावसानंतर कोवळे कोंब येत, बकरी ईद मागे पडली की गुलाबी-पांढरी फुले लागत. मेहंदीची पाने हाताशी नसली तर आम्ही बहिणी त्याच्या पाकळ्या पाट्यावर वाटून नखांवर बांधायचो. रंग यायचा फिकट नारिंगी, दोन दिवसांत उतरायचा, पण त्या दोन दिवसांत हात कुणाकुणाला दाखवून होत असे! भाद्रपदात शेजारच्या काकू यायच्या. "वहिनी, गौरीला तेरडा हवाय हो." अम्मी मुळासकट उपटून, माती झटकून, ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायच्या. आमच्या भागात तेरड्याची गौर बसवतात. त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचे ताट यायचे. आम्हा भावंडांना झाडापेक्षा त्या ताटाचेच महत्त्व अधिक होते, हे कबूल करतो.

मग ठरले. सप्टेंबरात नववीची सहल कासला न्यायची.

मिरजेहून साताऱ्याचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर. फजरनंतर निघालो. कऱ्हाडच्या पुढे मुली झोपल्या, साताऱ्यात चहाला जाग्या झाल्या, आणि यवतेश्वरचा घाट चढू लागलो तसे गाडीतले गाणे आपोआप थांबले. धुके काचेला लागले होते. शहरापासून कास सुमारे पंचवीस किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर. वर पोहोचल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वारा, मग सपाटी. झाडे जवळजवळ नाहीतच. पायाखाली जांभ्या दगडाचा काळपट, भोकाभोकांचा कातळ आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे बोटभर माती. उन्हाळ्यात हाच कातळ भाजून निघतो. तेव्हा इथे आलेल्याला वाटावे की या जागेला काही अर्थ नाही. चार महिन्यांच्या पावसावर मात्र त्या बोटभर मातीतून साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद या पठारावर झाली आहे.

आम्ही गेलो त्या आठवड्यात पठार गुलाबी होते. तो गुलाबी म्हणजेच रानतेरडा. परसातल्याचा धाकटा भाऊ म्हणा. वीतभर उंचीचा, पण हजारोंनी एकमेकांना टेकून उभा. लांबून जांभळट गालिचा दिसतो. जवळ वाकून पाहिले तर एकेक फूल फिकट गुलाबी असते आणि मधूनच एखादे इतके फिके की पांढरेच म्हणावे. कॅलेंडरवाली मुलगी नेमकी त्या पांढऱ्याजवळ जाऊन बसली. बाकीच्या मुलींना गेंदाची पांढरी बोंडे, सोनकीचा पिवळा, "मिकी माऊस" म्हणून हसू आणणारी ती पिवळी कावळ्याची फुले, किडे खाणारी निळीजांभळी सीतेची आसवे हे सगळे बघायचे होते. हिला नाही.

कासच्या या तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स लॉइआय. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जॉन सदरलँड लॉ नावाचे एक सनदी अधिकारी होते. कचेरीच्या कामातून वेळ काढून ते वनस्पती गोळा करत, त्यांच्यावरून हे नाव पडले. हा तेरडा पश्चिम घाटाच्या आपल्या बाजूचाच. जगात इतरत्र रानात उगवत नाही. आणि इथे आणखी एक योगायोग. मेहंदीच्या झाडाचे शास्त्रीय नाव लॉसोनिया, तेही लॉसन नावाच्या माणसावरून. मेहंदीच्या पानातल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात, आणि तेच द्रव्य, त्याच्या एका सख्ख्या भावासह, बागेतल्या तेरड्यातही असते. नखे नारिंगी होतात ती त्यामुळे. कोरियात आजही मुली तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून रात्रभर नखांवर बांधतात. आमच्या पाट्यावर तुरटी कधी नव्हती, म्हणून रंग टिकत नसावा! (विषय निघाला आहे तर सांगतो. ईदच्या आदल्या रात्री बाजारात "काळी मेहंदी" म्हणून जे कोन मिळतात, त्यांत बहुधा केस रंगवायचे पीपीडी हे रसायन असते. त्याने हातावर फोड आलेल्या दोन मुली आमच्याच शाळेत आहेत. खरी मेहंदी कधीही काळी नसते.)

तेरडा आणि जिरेनियम यांना जुन्या लोकांनी एका घरात का ठेवले, हे पठारावर कळले. फुलांच्या बारीकसारीक रचनेची कारणे होतीच, पण दोघांची एक खोड सारखी आहे. दोघेही बी फेकतात. तेरड्याची पिकलेली हिरवी शेंग बोटाने नुसती शिवली की फटकन फुटते, तिच्या पाच फाका आत वळतात आणि बिया उडतात. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होते. इम्पेशन्स या लॅटिन नावाचा अर्थच उतावीळ. जिरेनियमची चोच मात्र वाळत जाते, ताणत जाते आणि मग गोफणीसारखी बी भिरकावते. एकाचे बळ ओलाव्यात, पाण्याने टरारलेल्या सालीत; दुसऱ्याचे सुकण्यात.

आता डीएनएच्या अभ्यासानंतर शास्त्रज्ञांनी तेरड्याला त्या घरातून बाहेर काढले आहे. नव्या मांडणीत त्याचे नातेवाईक निघाले चहा, चिकू आणि बकुळ! मुलींना हे सांगितल्यावर एकीने विचारले, "मग टीचर, इतकी वर्षं पुस्तकात चूक होती?" चूक होती असे नाही, जे दिसत होते त्यावरून लावलेले नाते होते. माणसांतही असे होते, असे म्हणून आम्ही पुढे चाललो. हुकर यांनी तर वयाची नव्वदी उलटल्यावरही तेरड्यांच्या जाती लावण्याचे काम सोडले नाही. १९११ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले तोपर्यंत ते चालूच होते. जगात तेरड्याच्या हजाराहून अधिक जाती आहेत, एकट्या पश्चिम घाटात शंभरावर, आणि फूल वाळले की ते इतके चुरगळते की कागदावर चिकटवलेल्या नमुन्यावरून ओळखणे महाकठीण. म्हणून तेरडा अभ्यासायचा तर डोंगर चढावाच लागतो.

आमच्यासोबत कासच्या बाजूच्या गावातल्या एक मावशी होत्या. पठाराची देखभाल आसपासच्या गावांच्या समित्या आणि वनखाते मिळून करतात. तिकीट, वाहनतळ, वाट दाखवणे ही कामे गावातल्या माणसांकडे असतात. जुहरची नमाज कुठे पढावी असे विचारल्यावर मावशींनीच वाटेच्या कडेला कोरडा कातळ दाखवला आणि मुलींच्या चपला राखत बसल्या. नंतर डबे उघडले. त्यांनी आमच्यातली अर्धी पोळी आणि बटाट्याची भाजी घेतली, आणि बोलत्या झाल्या.

"आमची म्हसरं हितं चरायची. मंग जाळी आली. फुलं वाचवायची म्हनून. आन् जाळी घातली तर गवत माजलं, फुलं कमी झाली. आता सांगा, वाचवलं कुनी कुनाला?"

मावशींचे म्हणणे हवेतले नाही. वाढत्या गर्दीपासून बचाव म्हणून पठाराला तारेची जाळी घातली होती. काही वर्षांनी वनस्पतींच्या जाणकारांनी आणि गावकऱ्यांनीही आक्षेप घेतला की जनावरांचे चरणे बंद झाल्यामुळे उंच गवत वाढते आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. जाळी काढण्याचा निर्णय झाला. दुसरी बाजूही आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पैकी कास आणि कोयना साताऱ्यात, चांदोलीचा काही भाग आमच्या सांगलीच्या शिराळ्याकडे. नाव झाले तशी गर्दीही झाली. हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आधी नोंदणी असे नियम करावे लागले. आम्ही गेलो तो मंगळवार होता. रविवारचे वर्णन मावशींनी केले ते ऐकवत नाही. फोटोसाठी लोक फुलांत लोळतात. लोळून उठलेल्या जागी पुढच्या वर्षी काय, हे तेरड्याचे गणित फार सोपे आहे. तो एका हंगामाचा जीव. पावसात उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे, मरायचे. त्याला कंद नाही, खोड उरत नाही. शेंग पिकण्याआधी झाड चेंगरले तर त्या जागेवर पुढच्या पावसाला काहीच शिल्लक नाही.

आम्हाला विचाराल तर जनावरांच्या खुरापेक्षा आमच्या चपलांची भीती अधिक वाटते. म्हशीला सेल्फी काढायची नसते.

निघताना ती मुलगी मावशींकडे गेली आणि म्हणाली, "मामी, चार शेंगा नेऊ का? घरी लावीन." मावशी एकदम कडक झाल्या. "न्हाई. एक पाकळी बी न्हाई." मुलीचे डोळे भरले. खरे सांगायचे तर आमच्याही मनात आले की चार शेंगांनी काय होणार. पण आमच्याच गाडीत बेचाळीस मुली होत्या. प्रत्येकीच्या चार.

परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. पेठ नाक्याजवळ मात्र तिला आठवले की तिच्या नानीचे गाव शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या बाजूला आहे, आणि तिथे ओढ्याच्या काठाला, बांधांवर तेरडा माजतो. कासचा तो नव्हे, साधा, अम्मींच्या परसातला. सांगली जिल्ह्याचे हे एक नवल आहे. जत-आटपाडीला टँकरची वाट पाहतात आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चांदोलीच्या जंगलाकडे, पाऊस थांबायचे नाव घेत नाही. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान झाले, धरण झाले, तेव्हा आतली गावे उठली आणि अनेक कुटुंबे खाली येऊन वसली. नानी सांगतात, उठून आलेल्या बायकांनी नव्या जागी दारात पहिल्यांदा लावली ती तुळस आणि तेरडा.

दिवाळीच्या सुट्टीत तिने नानीच्या बांधावरून कागदाच्या पुडीत बी आणले. शाळेच्या मागच्या भिंतीला तेलाचे रिकामे डबे ठेवून पेरले. पहिली पेरणी उगवलीच नाही. थंडी होती, किंवा पाणी जास्त झाले, किंवा बी कोवळे होते. तिने तिन्ही कारणे वहीत लिहून ठेवली आणि प्रत्येकासमोर प्रश्नचिन्ह काढले. हे पाहून आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तिला बोलावून घेतले. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये केलेली पेरणी उगवली. नऊ झाडे. तिने डब्यांवर आकडे घातले आणि रोज सकाळी कोणते फूल उमलले, कोणते गळले ते लिहू लागली. तेरड्याचे फूल आधी नर असते, परागकण देऊन झाले की वरची टोपी गळते आणि मग ते मादी होते, हे तिने आम्हाला दाखवले. पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी तिच्यामुळे पाहिले. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो, अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करून घेतो. तिच्या वहीप्रमाणे डबा क्रमांक चारमधली फुले साडेतीन दिवस टिकली.

ती आता दहावी झाली. गुण चांगले पडले. तिला अकरावीला सायन्स घ्यायचे आहे, पुढे वनस्पतीशास्त्र. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयाचे मोठे काम झाले आहे. तिथले डॉ. श्रीरंग यादव यांचे नाव कासच्या वायतुऱ्याशी जोडलेले आहे. पाण्यातली ही फिकट तुऱ्याची वनस्पती १९८२ साली जगासमोर मांडणाऱ्या तिघा अभ्यासकांत ते एक. साताऱ्याच्या नावावरूनच तिचे शास्त्रीय नाव आहे. मुलीने ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. पण आमच्या शाळेत दहावीनंतर सायन्स नाही. जवळचे कॉलेज इंग्रजी माध्यमाचे, बसने जायचे, प्रयोगाच्या दिवशी परतायला संध्याकाळ. तिच्या दोन मोठ्या बहिणी दहावीनंतर घरीच आहेत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचे अब्बा शाळेत आले. गॅरेजमध्ये काम करतात, साधे, सरळ, मुलीवर माया असलेले गृहस्थ. उभ्यानेच म्हणाले, "टीचर, आप ही बताइए, फूल देखके पेट भरता है क्या? डीएड करवाते, नौकरी तो लगेगी."

आम्ही डीएडच्या आजच्या अवस्थेविषयी थोडे सांगितले. ती आम्हाला चांगली ठाऊक आहे. वनखात्याच्या परीक्षा, शाळा-कॉलेजातल्या जागा, रोपवाटिका, औषधी वनस्पतींचे उद्योग, हेही सांगितले. खात्री कशाचीच देता येत नाही, तेही सांगितले. बस पास मुलींना मोफत आहे हे त्यांना माहीत नव्हते. शेवटी बोलणे संपले आणि आम्ही त्यांना मागच्या भिंतीकडे नेले. नऊ डबे, आकडे घातलेले. त्यांनी वही हातात घेतली, उर्दूत लिहिलेली, मध्येच मराठी शब्द. बराच वेळ पाने उलटली. मग वाकून डबा क्रमांक चारमधली एक टपोरी शेंग दोन बोटांत धरली, काजळीने काळे झालेल्या त्या बोटांत, आणि ती फटकन फुटली. ते दचकून मागे सरले. सदऱ्यावर दोन बिया चिकटल्या होत्या. त्यांनी त्या काढल्या, इकडेतिकडे पाहिले आणि खिशात टाकल्या.

"घर में पूछके बताता हूँ," म्हणाले.

प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते. फॉर्म भरून आमच्या टेबलाच्या खणात आहे, फक्त पालकांची सही व्हायची आहे.